हळदीवरचा आळ

आधीच सांगून ठेवते, या लेखात अळ्या आहेत, पुष्कळ आहेत आणि चांगल्या बोटाएवढ्या जाड आहेत. ज्यांना फराळाचं ताट मांडीवर घेऊन दिवाळी अंक वाचायची सवय आहे, त्यांनी आधी चकली संपवावी आणि मग इकडे यावं.

माझी सारी नोकरी कोशाच्या किड्यांमध्ये गेली. साकोलीच्या पुढे, जंगलाला लागून एक सरकारी बीज केंद्र होतं. कोसा रेशमाचं बी तयार करायचं आणि पाळणाऱ्यांना द्यायचं, एवढंच त्याचं काम. बी म्हणजे अंडी. माझं माहेर भंडाऱ्याचं, कोष्ट्याचं घर. बाबा मागावर कोशाची उपरणी विणत. धागा मी जन्मापासून पाहत आले, पण तो ज्याच्या तोंडातून निघतो तो किडा पहिल्यांदा पाहिला नोकरीच्या पहिल्या दिवशी. पाहिला आणि किंचाळले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ज्याचं खाल्लं त्याले पाहून वरडतेस काहून?" तेव्हापासून नाही ओरडले.

धंदा समजावून सांगते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. तुतीचा किडा घरात, ताटलीत वाढतो. आमचा कोशाचा किडा घरात राहत नाही. त्याला ऐनाचं झाड लागतं आणि उघडं आभाळ लागतं. पाळणारे आमच्याकडे बहुतेक ढिवर समाजाचे. ते पावसाळ्यात अळ्या ऐनावर सोडतात आणि कोष होईपर्यंत झाडाखाली झोपडी टाकून राखण करतात. मुंग्या, गांधीलमाश्या, कावळे, कोतवाल पक्षी, सगळ्यांनाच ही अळी गोड लागते. जी वाचते ती पानाआड बसून कोष विणते. बहुतेक कोष विणकरांकडे जातात, थोडे बियाण्याला ठेवतात. त्यातून पतंग निघतात, नरमादीचा जोड लागतो, मादी अंडी घालते आणि चक्र पुन्हा फिरतं. वर्षात अशी दोन पिकं, पहिलं पावसाळ्यात आणि दुसरं दिवाळीच्या सुमारास उतरणारं.

माझं काम त्याच्यापुढचं. मादीची अंडी घालून झाली की तिला खलात कुटायचं, त्या रसाचा थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. किड्यांचा एक रोग आईकडून अंड्यात उतरतो. त्याचे चकचकीत दाणे दिसले की त्या मादीची सगळी अंडी जाळायची. दाणे नसले तर अंडी पास. मादी मात्र दोन्हीकडून मेलेलीच. रेवताबाई मला म्हणायची, "बाळंतिणीले कुटून लेकराले दाखला देते ही बाई." रेवताबाई म्हणजे आमच्याकडून बी नेणाऱ्या बुधाजीभाऊंची बायको. दोघांचं ऐनाचं रान केंद्रापासून चालत जाण्यासारखं होतं, आणि रेवताबाईच्या जिभेला हाड नव्हतं.

या लोकांचा एक नेम होता. अळ्या झाडावर असेपर्यंत मासमच्छी बंद, दाढी बंद, घरधनीण वेगळी झोपणार, आणि हळद बंद. भाजीत नाही आणि अंगालाही नाही. मासे धरणं ज्यांचा पिढीजात धंदा, ते लोक त्या दिवसांत मासळीकडे बघत नसत. शहाण्या माणसांनी हसण्यासारखं यात काही नाही. भलतासलता हात लागला की अळ्या सडतात, हे त्यांनी बापजाद्यांपासून पाहिलेलं. धुतलेला हात आणि नेमाचा हात यांत नेमका फरक काय, हे मी आजही सांगू शकणार नाही.

आणीबाणी उठली त्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात तो रोग शिरला. काचेमागून काच लावावी आणि प्रत्येकीत दाणे. आमचे साहेब पुण्याकडचे, माणूस सज्जन पण घाबरट. माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "अहो, निदान थोड्या तरी पास करा. वर काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "साहेब, तोंड तुमचं आहे, पण डोळे माझे आहेत." अंड्यांचा एकही रोगट पुंज मी सोडला नाही. शेवटी सगळ्या केंद्रात मिळून मोजक्याच माद्या निरोगी उरल्या. पण रोग गेला. मुळापासून गेला. मला त्याचा आजही अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या मोजक्या माद्यांपासून आम्ही पुन्हा संख्या वाढवली. हिवाळ्यात कोषांच्या माळा करून छताला टांगल्या. उन्हाळाभर कोष निजलेले असतात, म्हणून मी तेवढ्यात लग्न करून घेतलं. यांची नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात. ठरलं असं की मोसमात मी केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि यांनी रविवारी यायचं. पाऊस पडायच्या बेताला मी हिरवा चुडा भरून, मनगटाला अजून हळदीचा रंग असताना कामावर हजर झाले. आणि त्याच मोसमात अळ्या पिवळ्या निघाल्या.

आमची अळी हिरवी. ऐनाच्या पानावर बसली की नवख्याला दिसणार नाही अशी. अंड्यातून निघते तेव्हा सगळ्या सारख्याच मळकट असतात, पहिली कात टाकली की रंग कळतो. दरवर्षी एखादी चुकार पिवळी निघायची. तिला लोक हळद्या म्हणत. त्या वर्षी मात्र झाडावर जिकडे पाहावं तिकडे हळद्याच. केंद्रातल्या झाडांवर साहेबांनी जाळी लावून घेतली होती, त्यामुळे आमच्याकडे त्या आरामात वाढल्या. तालुक्याच्या पाहुण्यांना साहेब कौतुकाने दाखवायचे. दिसायला देखण्याच होत्या मेल्या.

बुधाजीभाऊंच्या रानात कुठली आली जाळी? एका सकाळी ते केंद्रावर आले, दाढी वाढलेली, गोफण खांद्यावर, डोळे जागरणाने लाल.

"बाई, हे कसं बी देल्लं जी तुम्ही? झाडावर दिवे लावल्यावानी दिसून राहिले. कोतवालाले शोधाच नाई लागत. एक हाकलला का दुसरा येते."

"रोग नाही बुधाजीभाऊ. एकेक मादी मी तपासली आहे."

"रोग नाई म्हणतो ना मी. रंग म्हणतो."

मग ते माझ्या मनगटाकडे पाहत राहिले. "लगन झालं म्हणते तुमचं?"

"झालं."

"मंग बराबर आहे," ते म्हणाले आणि जोहार करून गेले.

त्यांचं पीक त्या खेपेला पार बुडालं, आणि बाकीच्यांचंही काही वेगळं झालं नाही. मला कोणी वेडंवाकडं बोललं नाही. आमच्या झाडीपट्टीतली माणसं तशी नाहीत. पण त्यानंतर जो येई तो म्हणे, "साहेबाच्या हातून द्या जी." मी अंड्यांचा डबा पुढे केला की लोक हात मागे घेत. बाई हळदीच्या अंगाने अंड्यांत वावरली म्हणून किडे हळदी झाले, हे गावोगाव पक्कं झालं. रोगाचं बी ठेचून काढणारी मी, आणि आता माझ्या हाताला विटाळ. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

तेवढ्यात साहेबांना वरून विचारणा आली. तुमचं स्थानिक बी बिघडलेलं दिसतं, पुढच्या साली बाहेरच्या राज्यातलं बी वाटावं आणि स्थानिक बंद करावं, असा विचार आहे. साहेबांना सुटल्यासारखं झालं. त्यांचं म्हणजे पी हळद आणि हो गोरी. मी म्हटलं, "साहेब, ते बी आपल्या ऐनावर, आपल्या उन्हात टिकेल कशावरून? आणि आपलं एकदा गेलं की गेलं. ते काय दुकानात मिळतं?"

"मग पिवळेपणाचं काय कारण आहे ते तरी सांगा."

मी त्यांना धानाचं उदाहरण दिलं, तेच तुम्हालाही देते. कोठीत पांढरं धान आहे आणि त्यात थोडे लाल दाणे मिसळलेत. तुम्ही पोतं भरून बी काढलं तर लालचं प्रमाण कोठीत होतं तसंच येईल. पण मूठभरच काढलं तर? एखाद्या मुठीत लाल दाणा येणारच नाही आणि एखाद्या मुठीत भलतेच येतील. ती मूठ हेच तुमचं सगळं बियाणं असेल, तर पुढच्या साली शेत लाल दिसणार. त्यात लाल दाण्याचा गुण नाही, पांढऱ्याचा दोष नाही आणि पेरणाऱ्याच्या हाताचाही दोष नाही. मूठ लहान होती, एवढंच. पुस्तकात याला जनुकीय विचलन म्हणतात. आमची मूठ रोगाच्या वर्षी लहान झाली होती. उरलेल्या मोजक्या माद्यांतल्या काहींच्या पोटात पिवळा रंग लपलेला होता. वरून त्या हिरव्याच दिसत. हा रंग असा लपून बसतो. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला तरच बाहेर पडतो. सगळीच भावंडं एकमेकांत जुळल्यावर तो बाहेर पडला.

"आणि जंगलातल्या अळ्या का नाही पिवळ्या झाल्या?" साहेबांनी बरोबर प्रश्न विचारला. त्यांना मी घाबरट म्हटलं, बिनडोक म्हटलेलं नाही.

"जंगलात कोतवाल आहे साहेब. पिवळी दिसली की उचलली. हिरवी लपली की वाचली, तिचीच पोरं पुढे आली. असं किती पिढ्या चाललं असेल. आपण जाळी लावून कोतवालाला सुटी दिली." ही नैसर्गिक निवड. योगायोगाने आमच्याकडे पिवळा वाढवला आणि जाळीने तो सांभाळला. हळदीचा यात कुठेच संबंध नव्हता, पण ते सांगून कोण ऐकणार? करून दाखवायला हवं होतं.

साहेबांनी वरून एका वर्षाची सवलत मागून घेतली. वर्षात बी सुधारलं नाही तर स्थानिक बी बंद, आणि माझी बदली. ते दोन्ही मला एकच वाटत होतं.

करायचं काय, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या पिकासाठी निघणाऱ्या केंद्रातल्या माद्यांना जंगलातले नर हवे होते. मादी निघाल्यावर नराच्या आधी तिला उचलायची, पंखाच्या मुळाशी धागा बांधायचा आणि जंगलाच्या कडेला ऐनाच्या फांदीवर टांगून ठेवायची. ती एक वास सोडते. आपल्याला तो येत नाही, नराला फार दुरून येतो. धागा मी माहेराहून आणला, बाबांच्या मागावरचा कोशाचाच. साध्या दोऱ्याने पंख कापतात.

मी रेवताबाईच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माद्या दोघी मिळून बांधू. एका झाडावर तू, एका झाडावर मी. तू नेमाने बांध. मी हाताला हळद लावून बांधते."

तिचा हात कामातच थांबला. "मुद्दाम लावणार?"

"मुद्दाम. मनगटापर्यंत. अंडीही आपापली आपण धुवायची, अळ्याही आपापल्या सोडायच्या. माझ्या झाडावर हळद्या निघाल्या तर मी स्वतः बदली मागून घेते. तुझ्या-माझ्या दोन्हीकडे हिरव्या निघाल्या तर तू गावात सांगायचं."

बुधाजीभाऊ आतून म्हणाले, "काहून आगीत हात घालता जी बाई? आमच्या नेमाची परीक्षा पाहून राहिल्या का?"

"नेमाची नाही भाऊ, माझ्या हाताची. तुमचा नेम तुम्ही पाळा, मी मोडा म्हणत नाही."

रेवताबाई पदर खोचून उठली. "मी येतो," ती म्हणाली. "या बाईले एकटीले जंगलात सोडलं तं हळदीसकट वाघ खाईल."

पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. सकाळी जाऊन पाहतो तर फांदीवर धागा आणि खाली नुसते पंख. वटवाघळांनी मेजवानी केली होती. रेवताबाईने पंख वेचून माझ्या ओटीत टाकले आणि म्हणाली, "घ्या, लावा काचेखाली." नंतर जागा बदलली, दाट पानात, खालच्या फांद्यांवर माद्या बांधल्या. पुढच्या सकाळी धुकं होतं. जवळ जाईपर्यंत काही कळेना. मग रेवताबाईने माझा हळदीचा हात धरला, नेम विसरून धरला, आणि बोट दाखवलं. माझ्या झाडावर एकेका मादीला विटकरी रंगाचा एकेक रानटी नर बिलगलेला. तिच्या झाडावरही तसंच. मी तिथल्या तिथे रडले. काम करताना मी रडले ती ही एकच वेळ.

त्याच माद्या नंतर मी खलात घेतल्या. रान घरात आणणाऱ्या त्या, आणि त्यांनाही सोडता येत नव्हतं, कारण रानातल्या नरासोबत रोगही आला असता. एकीतही दाणे निघाले नाहीत. बाकी आनंद कितीही सांगितला तरी हे एक मला आजवर बोचतं.

अंडी फुटली. अळ्या सगळ्या मळकट, सगळ्या सारख्या. कात टाकेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, सूनबाई, काही गोड बातमी आहे का? इतकी माझ्या तोंडाची चव गेली होती. कात टाकायच्या दिवशी साहेब पायांत चपला घालायचे विसरून आले. बुधाजीभाऊ चार गावची माणसं घेऊन आले. ती माणसं झाडापासून लांब उभी राहिली.

रेवताबाईने आधी तिचं झाड पाहिलं. हिरवं. मग ती माझ्या झाडाखाली आली, एकेक पान उलटून पाहू लागली. बराच वेळ पाहत होती. मग ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ऐका जी सारे. बाईनं हळद लावून बांधले, अन् एकबी हळद्या नाई. सारा हिरवा आहे. आता ज्याले काही म्हणायचं असंल त्यानं मले म्हणावं."

रेवताबाईला म्हणायची छाती होती कोणाची?

साहेब पेढे आणायला निघाले, तर मीच त्यांना थांबवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची ती वेळ नव्हती. रानातल्या बापामुळे अळ्या हिरव्या दिसत होत्या, पण आईचा पिवळा रंग प्रत्येकीच्या पोटात होताच. पुढच्या पिढीत तो काही जणींत पुन्हा वर येणार होता. म्हणून पुढच्या पावसाळ्यात मी म्हटलं, "साहेब, जाळी काढा."

"म्हणजे? सरकारी अळ्या पाखरांना खाऊ घालायच्या? कोणत्या खर्चात दाखवू?"

"निवड समितीचा भत्ता म्हणून दाखवा."

ते हसले आणि जाळी निघाली. कोतवालांनी कामाला सुरुवात केली. पाखरं काही धर्मात्मा नव्हती, हिरव्याही पुष्कळ गेल्या. पण पिवळ्या आधी गेल्या. रोज सकाळी झाड थोडं जास्त हिरवं दिसे. साहेब खिडकीतून कोतवालांना आमचे हंगामी कर्मचारी म्हणू लागले. बुधाजीभाऊंनी माझ्या शब्दावर ते पहिलं पीक सोडून दिलं होतं. कोशावर पोट असलेल्या माणसाने एक पीक सोडणं काय असतं, ते मला माहीत होतं. दुसऱ्या पिकासाठी वाचलेल्यांचं बी तयार झालं, भरपूर माद्यांचं, मोठ्या मुठीचं. त्या दिवशी बुधाजीभाऊ डब्यासाठी आले. साहेब पुढे झाले, तर ते म्हणाले, "तुम्ही राहू द्या साहेब. बाईच्या हातून पायजे."

मी डबा त्यांच्या हातात ठेवला.

दिवाळी उलटल्यावर कोष उतरवायला त्यांनी आम्हाला बोलावलं. ऐनाच्या फांद्या वाकल्या होत्या. मोठे, घट्ट, देठाला लोंबणारे कोष. रेवताबाई टोपलीमागून टोपली ओतत होती आणि बुधाजीभाऊ, गंभीर माणूस, एकेक कोष कानाशी वाजवून पाहत होते. असं पीक बापाच्या वेळेपासून पाहिलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. साहेबांनी वर काय कळवलं ते मला नंतर समजलं. बाहेरचं बी आलं नाही, आमचं स्थानिक बी राहिलं, आणि माझी बदली माझ्या मर्जीने पुष्कळ वर्षांनी झाली. दरवर्षी थोड्या माद्या रानाच्या कडेला बांधायच्या आणि मूठ कधी लहान होऊ द्यायची नाही, ही रीत ऐंशीच्या दशकभर आमच्या केंद्रात चालली.

कोष उतरले की नेम सुटतो. त्या संध्याकाळी त्यांच्या झोपडीपुढे मासळीचा रस्सा शिजला, कितीतरी दिवसांनी हळद घातलेला. रेवताबाईने वाटीत हळद कालवली. पहिलं बोट ऐनाच्या बुंध्याला लावलं. दुसरं बोट घरच्या कोणाला लावायचं असतं, म्हणून तिच्या जावा पुढे सरकल्या होत्या. ती त्यांना ओलांडून माझ्यापाशी आली.

"हात करा जी पुढं."

मी हात केले. तिने दोन्ही मनगटांना कोपरापर्यंत हळद चोळली, लग्नात चोळतात तशी, सगळ्यांच्या देखत. मग चुली‍कडे वळता वळता म्हणाली, "पुढच्या साली बी याच हाताचं."

दुसऱ्या दिवशी कामावर बसले तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या फिरकीला माझ्या बोटांची हळद लागली. मी निवृत्त झाले तोवर तिचा पुसट डाग तिथे होता. साहेब बदलले, फडकी बदलली, पण तो डाग मी कोणाला पुसू दिला नाही.